प्रूइट–आयगो वसाहत

प्रूइट–आयगो वसाहत : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिसूरी राज्यात सेंट लूइस या शहरी १९५४–५६ मध्ये उभी राहिलेली आणि १९७२–७६ या काळात पाडून टाकण्यात आलेली सार्वजनिक गृहवसाहत. प्रत्येकी अकरा मजल्यांच्या ३३ इमारती व त्यांत २,८७० सदनिका, असा तिचा विस्तार होता. शहरातील गोरगरिबांना उजेडाची, हवेशीर व आरोग्यदायी घरे मिळावीत या हेतूने बांधलेली ही वसाहत पहिले रहिवासी येऊन वीस वर्षे होण्याच्या आतच पाडावयास घेण्यात आली. सुरुंगांनी ढासळणाऱ्या तिच्या इमारतींची छायाचित्रे जगभर प्रसृत झाली. आधुनिक वास्तुकला कुरूप, सदोष व माणसाला पारखी झाली असल्याचा पुरावा म्हणून ती छायाचित्रे पुढे वारंवार दाखविण्यात आली. वसाहतीच्या रचनेत दोष होते, यात शंका नाही. तथापि तिच्या नाशाची मुख्य कारणे आराखड्याच्या कागदाबाहेर, म्हणजे शहराच्या घटत्या लोकसंख्येत, वर्णभेदात आणि देखभालीच्या खर्चाची पुरेशी तरतूद न करणाऱ्या शासकीय धोरणात होती. ही कारणे परस्परांपासून वेगळी करून पाहिल्याशिवाय या वसाहतीचा इतिहास उलगडत नाही.

पार्श्वभूमी : मिसिसिपी नदीच्या काठी वसलेले सेंट लूइस हे एकोणिसाव्या शतकात व्यापार व उद्योगधंद्यांमुळे भरभराटीस आले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मात्र शहराच्या मध्यवर्ती भागाभोवती जुन्या, दाटीवाटीच्या व मोडकळीस आलेल्या घरांचा मोठा पट्टा तयार झाला होता. यातील पुष्कळ घरांत स्वतंत्र शौचकूप वा स्नानगृहही नव्हते. दक्षिणेकडील राज्यांतून कामधंद्यासाठी आलेल्या कृष्णवर्णीयांची या भागात विशेष गर्दी होती. कारण शहराच्या इतर भागांत त्यांना घरे मिळणे दुरापास्त होते. कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, असे करार गोरे घरमालक आपसांत करीत. असे करार न्यायालयामार्फत अंमलात आणता येणार नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तो खटला सेंट लूइसमधील एका घरावरूनच उद्‌भवला होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. निर्णयाने कायदा बदलला. घरांच्या बाजारातील रूढी मात्र त्यानंतरही बराच काळ टिकून राहिली.

१९४९ च्या संघीय गृहनिर्माण अधिनियमाने गलिच्छ वस्त्यांच्या निर्मूलनासाठी अर्थसाहाय्य देऊ केले व सहा वर्षांत ८,१०,००० सार्वजनिक सदनिका बांधण्यास मान्यता दिली. त्याच वर्षी सेंट लूइसचे महापौर झालेले जोसेफ डार्स्ट यांनी या संधीचा लाभ घेण्याचे ठरविले. शहराच्या उत्तर भागातील डिसोटो-कार या नावाने ओळखली जाणारी गलिच्छ वस्ती हटवून सुमारे ५७ एकर (सु. २३ हेक्टर) जागा मोकळी करण्यात आली. शहराची लोकसंख्या वाढत जाईल व घरांची मागणी कायम राहील, हे या योजनेचे गृहीतक होते. प्रत्यक्षात घडले ते नेमके उलटे. १९५० मध्ये सुमारे ८,५७,००० असलेली सेंट लूइसची लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे ६,२२,००० वर आली. उपनगरांत घर घेणाऱ्यांच्या कर्जास संघराज्य शासन हमी देत होते आणि उपनगरांकडे जाणाऱ्या महामार्गांवरही पैसा खर्च करीत होते. गोऱ्या मध्यमवर्गाने या सवलतींचा लाभ घेऊन शहर सोडले व त्यांच्यामागोमाग कारखाने आणि नोकऱ्याही गेल्या. शहरात बहुमजली घरे बांधणे आणि शहर रिकामे होण्यास उत्तेजन देणे, ही दोन्ही कामे एकच शासन एकाच वेळी करीत होते.

रचना : वसाहतीचा आराखडा हेलमथ, यामासाकी व लाइनवेबर या वास्तुविशारद-संस्थेने तयार केला. त्यातील प्रमुख वास्तुकार मिनोरू यामासाकी (१९१२–८६) हे जपानी वंशाचे अमेरिकन होते. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे २००१ मधील हल्ल्यात नष्ट झालेले दोन मनोरे ही त्यांचीच नंतरच्या काळातील कृती होय. प्रूइट–आयगोसाठी त्यांनी प्रारंभी उंच, मध्यम व बैठ्या अशा मिश्र इमारतींची योजना सुचविली होती. प्रत्येक सदनिकेमागे किती खर्च करावा यावर संघीय गृहनिर्माण प्रशासनाने घातलेल्या मर्यादेत ही योजना बसेना. तेव्हा सर्व इमारती सरसकट अकरा मजली करण्यात आल्या. दर एकरी सदनिकांची संख्या त्यामुळे सुमारे ५० झाली. कमी दाटीची बैठी घरे राहण्यास निःसंशय अधिक चांगली, असे मत यामासाकींनी स्वतः १९५२ मधील एका जाहीर वादात नोंदविले होते. गलिच्छ वस्त्यांच्या निर्मूलनाच्या आर्थिक अटींमुळे उंच इमारतींवाचून गत्यंतर नाही, अशी त्यांची भूमिका होती. अर्थात उंच इमारतीची निवड वास्तुकाराच्या सौंदर्यदृष्टीतून झाली, हा पुढे रूढ झालेला समज वस्तुस्थितीस धरून नाही.

या मर्यादेतही काही नव्या कल्पना योजण्यात आल्या होत्या. लिफ्ट प्रत्येक मजल्यावर न थांबता पहिल्या, चौथ्या, सातव्या व दहाव्या मजल्यांवरच थांबत असे. मधल्या मजल्यांवरील रहिवाशांनी जिन्याने एक मजला चढावा वा उतरावा, अशी अपेक्षा होती. लिफ्टच्या वरच्या तीन मजल्यांवर सुमारे ८५ फूट लांबीच्या सामाईक गॅलऱ्या काढून तेथे कपडे धुण्याची व सामान ठेवण्याची सोय केली होती. मुलांनी या गॅलरीत खेळावे, बायकांनी येथे एकत्र यावे आणि अशा रीतीने प्रत्येक इमारतीत एकावर एक अशा आळ्या तयार व्हाव्यात, असा हेतू होता. इमारतींच्या मधून झाडांचा सलग पट्टा फिरविण्याची योजना होती. सूर्यप्रकाश, मोकळी हवा व हिरवळ यांवर भर देणाऱ्या, ल कॉर्ब्यूझ्येप्रणीत आधुनिक नगररचनेच्या तत्त्वांशी हा आराखडा सुसंगत होता. १९५१ मध्ये वास्तुकलाविषयक एका प्रमुख अमेरिकन नियतकालिकाने तो प्रसिद्ध करून त्याची वाखाणणीही केली. या वसाहतीस वास्तुविशारदांच्या राष्ट्रीय संस्थेचे पारितोषिक मिळाले होते, असे अनेक ग्रंथांत लिहिले गेले आहे. ते खरे नाही.

खर्चातील कपात : सेंट लूइसमधील कंत्राटदारांचे बांधकामाचे दर इतर शहरांच्या मानाने बरेच चढे होते. मंजूर रकमेत काम बसविण्यासाठी मूळ आराखड्यातील एकेक सोय वगळण्यात आली. झाडांचा पट्टा व क्रीडांगणे यांवरील खर्चाला कात्री लागली. तळमजल्यावरील सार्वजनिक शौचालये गाळण्यात आली, याचा उपद्रव पुढे वर्षानुवर्षे झाला. कारण खाली खेळणाऱ्या लहान मुलांना वेळेवर घर गाठता येत नसे आणि लिफ्ट व जिने घाण होत. सदनिकांमधील वस्तूही हलक्या प्रतीच्या होत्या. दारांच्या मुठी व कुलुपे पहिल्या वापरातच तुटत, खिडक्यांच्या कमकुवत चौकटींतून काचा वाऱ्याच्या दाबाने निखळत आणि स्वयंपाकघरातील कपाटे अगदी पातळ प्लायवुडची होती. वाफेचे नळ उष्णतारोधक आवरणाविना उघडेच ठेवल्याने मुलांना भाजत असे. वसाहतीचा एकूण खर्च मात्र सुमारे ३ कोटी ६० लक्ष डॉलरपर्यंत गेला. महाग दराने निकृष्ट बांधकाम, असा हा व्यवहार झाला. बाह्य रूप कितीही रुक्ष असले, तरी रहिवाशांना रोज जाच झाला तो या वगळलेल्या व निकृष्ट गोष्टींचा.

वस्ती व ऱ्हास : वसाहतीच्या नावातच तिच्या जन्माचा इतिहास दडलेला आहे. वेंडेल ओ. प्रूइट हा दुसऱ्या महायुद्धात लढलेला सेंट लूइसचा कृष्णवर्णीय वैमानिक, तर विल्यम एल. आयगो हे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे माजी गौरवर्णीय सदस्य. प्रूइट भाग कृष्णवर्णीयांसाठी व आयगो भाग गोऱ्यांसाठी, अशी मूळ वाटणी होती. १९५५ मध्ये न्यायालयाने अशी वाटणी बेकायदेशीर ठरविली. गोऱ्या कुटुंबांना इतरत्र घरे मिळणे शक्य असल्याने ती अल्पावधीतच निघून गेली आणि संपूर्ण वसाहत जवळजवळ केवळ कृष्णवर्णीयांची झाली.

प्रारंभीची वर्षे बरी गेली. १९५७ मध्ये ९१ टक्के सदनिका भरलेल्या होत्या. पडक्या घरांतील एकेका खोलीतून आलेल्या कुटुंबांना नळाचे गरम पाणी, स्वतंत्र न्हाणीघर व खिडकीतून दिसणारे शहर यांचे मोठे अप्रूप होते. आपल्या बालपणीचे ते घर म्हणजे वैभव होते, असे या वसाहतीत वाढलेल्या अनेकांनी पुढे सांगितले आहे. चॅड फ्राइडरिक्स यांच्या २०११ मधील माहितीपटात अशा आठवणी नोंदविल्या आहेत. अवशेषांच्या छायाचित्रांत ही बाजू दिसत नाही.

ऱ्हासाचे मूळ वसाहतीच्या अर्थव्यवस्थेत होते. अमेरिकेच्या तत्कालीन पद्धतीनुसार बांधकामासाठी काढलेल्या कर्जाची फेड संघराज्य शासन करीत असे. रोजची देखभाल, दुरुस्ती, लिफ्ट, तापनयंत्रणा व नोकरवर्ग यांचा खर्च मात्र भाड्याच्या उत्पन्नातून भागवावयाचा असे. भाडेकरू गरीब असणे ही प्रवेशाची अट होती आणि ज्याचे उत्पन्न वाढे, त्याला घर सोडावे लागे. त्यामुळे भाडे देण्याची सर्वांत कमी ऐपत असणारी माणसेच मागे राहत. अकरा मजली इमारतीची लिफ्ट व तापनयंत्रणा चालविण्याचा खर्च निम्म्या सदनिका रिकाम्या झाल्या, तरी निम्मा होत नाही. शहरातून माणसे जाऊ लागताच सदनिका रिकाम्या पडल्या, भाडे घटले, दुरुस्त्या थांबल्या, लिफ्ट बंद पडू लागल्या व दिवे गेलेले तसेच राहू लागले. ज्यांना शक्य होते ते आणखी रहिवासी मग सोडून गेले. उरलेल्यांचे भाडे वाढविणे, हाच एक मार्ग प्रशासनाला दिसला आणि काही कुटुंबांना उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग भाड्यापायी द्यावा लागू लागला.

यात समाजकल्याणविषयक नियमांची भर पडली. अवलंबून मुले असलेल्या कुटुंबास मिळणारी शासकीय मदत घरात धडधाकट पुरुष राहत असल्यास नाकारण्यात येई. मुलांच्या पोटासाठी बापाने घराबाहेर राहावयाचे किंवा तपासनीस आला की लपावयाचे, अशी वेळ अनेक कुटुंबांवर आली. वसाहतीतील बहुसंख्य रहिवासी अल्पवयीन मुले होती आणि त्यांच्यावर देखरेख करणारी प्रौढ माणसे थोडी होती. ली रेनवॉटर या समाजशास्त्रज्ञाने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या कौटुंबिक जीवनाचे सविस्तर चित्रण केले आहे. निर्मनुष्य मजले चोरी, मारहाण व अंमली पदार्थांचा व्यापार यांना सोयीचे झाले. टपालवाले, दुरुस्ती-कामगार व माल पोहोचविणारे वसाहतीत येण्यास कचरू लागले.

रहिवासी या साऱ्याकडे निमूटपणे पाहत राहिले नाहीत. १९६९ मध्ये सेंट लूइसच्या सार्वजनिक वसाहतींतील भाडेकरूंनी भाडेवाढीविरुद्ध नऊ महिने भाडे न देण्याचा संप केला. प्रूइट–आयगोतील भाडेकरूही त्यात सामील होते आणि संपाचे नेतृत्व मुख्यतः स्त्रियांकडे होते. संपाची परिणती भाडेकरूंच्या मागण्या मान्य होण्यात झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस सार्वजनिक घरांचे भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या पाव हिश्शापेक्षा अधिक असू नये, अशी दुरुस्ती संघीय कायद्यात करण्यात आली. न्याय मिळाला, तो वसाहत वाचविण्याच्या दृष्टीने उशिरा. कडाक्याच्या थंडीत नळ फुटून जिन्यांवर बर्फाचे थर साचू लागले होते. १९७१ मध्ये ३३ पैकी केवळ १७ इमारतींत वस्ती उरली होती व त्यांत सुमारे ६०० माणसे राहत होती.

विध्वंस : निरुपयोगी झालेल्या काही इमारती पाडून उरलेल्यांची उंची कमी करावी व वसाहतीचे पुनरुज्जीवन करावे, असा विचार प्रथम चालू होता. १६ मार्च १९७२ रोजी पहिली इमारत सुरुंगाने पाडण्यात आली. एप्रिलमध्ये पाडलेल्या दुसऱ्या इमारतीचे दृश्य दूरचित्रवाणीवरून देशभर दाखविले गेले. पुनरुज्जीवनाच्या योजना फलद्रूप झाल्या नाहीत. संपूर्ण वसाहत पाडण्याचा निर्णय १९७३ मध्ये जाहीर झाला व १९७६ पर्यंत तो अंमलात आला. गॉडफ्री रेजिओ यांच्या १९८२ मधील कोयानिस्कात्सी या चित्रपटातही या विध्वंसाची दृश्ये आहेत.

अन्वयार्थ : या घटनेला वास्तुकलेच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते मुख्यतः चार्ल्स जेंक्स (१९३९–२०१९) या समीक्षकामुळे. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उत्तराधुनिक वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात त्यांनी आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू सेंट लूइस येथे १५ जुलै १९७२ रोजी दुपारी ३ वाजून ३२ मिनिटांनी झाला, असे विधान केले. पहिली इमारत त्याआधी चार महिने पडली होती. तथापि विधानाच्या नाट्यमयतेमुळे तारखेची शहानिशा फारशी कोणी केली नाही. नव्या वास्तुशैलीच्या पुरस्कर्त्यांना जुन्या शैलीच्या पराभवाचे ठसठशीत उदाहरण हवे होते, ते त्यांना येथे सापडले.

अधिक विचारार्ह टीका ऑस्कर न्यूमन यांची होय. १९७२ मधील आपल्या ग्रंथात त्यांनी दाखवून दिले, की दोन कुटुंबांच्या सामाईक जागा रहिवासी स्वच्छ ठेवीत, तर वीस कुटुंबांच्या सामाईक जागांची दुर्दशा होई. ज्या जागेवर कोणाचाच हक्क व नजर नाही, ती असुरक्षित होते, हे त्यांचे प्रतिपादन. प्रूइट–आयगोच्या गॅलऱ्या ना रस्त्यात मोडत, ना अंगणात. मुंबईच्या चाळीतील गॅलरीत ओळीने प्रत्येक बिऱ्हाडाची दारे उघडत असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यावर आपोआप नजर राहते; लिफ्टच्या मजल्यापुरत्याच असलेल्या या गॅलऱ्यांना अशी राखण नव्हती. रस्त्यापलीकडे १९४२ मध्ये बांधलेली कार स्क्वेअर व्हिलेज ही बैठ्या घरांची सार्वजनिक वसाहत होती. तेथील रहिवासीही त्याच आर्थिक थरातील व वर्णाचे असून ती वसाहत या संपूर्ण काळात भरलेली व शांत राहिली, याकडे न्यूमन यांनी लक्ष वेधले. आराखड्याला दोषमुक्त ठरवू पाहणाऱ्यांना या उदाहरणाचे उत्तर द्यावे लागते.

कॅथरिन ब्रिस्टल यांनी १९९१ मधील निबंधात प्रचलित आख्यायिकेचे सविस्तर खंडन केले. सर्व दोष आराखड्याच्या माथी मारल्याने दारिद्र्य, वर्णभेद व शासकीय धोरण ही कारणे झाकली जातात आणि घरांचा आकार बदलला की समाजाचे प्रश्न सुटतील, असा भ्रम वास्तुकारांमध्ये टिकून राहतो, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा होय. उंच इमारत पाडावयास लावणारा टीकाकार व ती बांधणारा वास्तुकार हे दोघेही वास्तूच्या सामर्थ्यावर सारखाच अवाजवी विश्वास ठेवतात, असा याचा अर्थ होतो. न्यूमन व ब्रिस्टल यांच्या प्रतिपादनांचा मेळ घालणे अशक्य नाही. उत्तम देखभाल, पुरेसे राखणदार व ऐपतदार भाडेकरू असतील, तर आराखड्यातील उणिवा निभावून नेता येतात. ज्या वसाहतीस यांपैकी काहीच लाभणार नाही, तिच्यासाठी मात्र सर्वांत साधी व देखभालीस सर्वांत स्वस्त अशी रचनाच निवडावयास हवी होती. प्रूइट–आयगोत सर्वांत गरीब माणसांना राखण्यास सर्वांत खर्चिक इमारती देण्यात आल्या.

इतर वास्तूंशी तुलना केल्यास हा निष्कर्ष अधिक स्पष्ट होतो. मार्से येथील ल कॉर्ब्यूझ्ये यांची १९५२ मध्ये पूर्ण झालेली प्रचंड निवासी इमारत आजही वसलेली आहे. लंडनमधील ट्रेलिक टॉवर ही १९७२ ची उंच, खडबडीत काँक्रीटची इमारत एके काळी बदनाम होती. १९९८ मध्ये तिला संरक्षित वास्तूचा दर्जा मिळाला. याउलट लंडनच्याच पूर्व भागातील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीचा कोपरा १६ मे १९६८ रोजी एका सदनिकेतील गॅसच्या स्फोटाने वरपासून खालपर्यंत कोसळला व चारजण मृत्युमुखी पडले. तयार काँक्रीट-फलक जोडून केलेल्या त्या बांधकामाचे सांधेच सदोष होते. १९८६ मध्ये इमारत उतरविताना त्या सांध्यांत वर्तमानपत्राचे कागद कोंबलेले आढळले. रूपाने ट्रेलिक टॉवर व रोनन पॉइंट दोन्ही रुक्षच. पहिलीचा प्रश्न अभिरुचीचा, दुसरीचा बांधकामाचा आणि प्रूइट–आयगोचा मुख्यतः धोरणाचा होता. ‘कुरूप आधुनिक इमारत’ या एकाच शिक्क्याखाली हे तिन्ही प्रश्न एकत्र आले, की ज्याचा त्याचा जबाबदार माणूस निसटून जातो.

वसाहतीच्या जागेच्या काही भागावर पुढे शाळा उभ्या राहिल्या. उरलेली जमीन अनेक दशके ओसाड राहून तेथे दाट झाडी वाढली. मूळ आराखड्यात काटकसरीपायी वगळलेली झाडे शेवटी माणसे गेल्यानंतर आपोआप उगवली. अमेरिकेत व अन्यत्र बहुमजली सार्वजनिक वसाहती पाडण्याचे सत्र त्यानंतरही चालू राहिले. शिकागो येथील रॉबर्ट टेलर होम्स ही सोळा मजली २८ इमारतींची वसाहत १९९८ ते २००७ या काळात पाडण्यात आली. प्रूइट–आयगोच्या इतिहासातून मिळणारा बोध बांधकाम करणाऱ्या प्रत्येक शासनास लागू आहे. घर बांधण्याचा खर्च एकदाच करावा लागतो. ते राहण्याजोगे ठेवण्याचा खर्च दरवर्षी येतो आणि त्याची तरतूद पाया खणण्यापूर्वीच करावी लागते.